कोपरारक्षकाची कारकीर्द : गिरणगावच्या मैदानापासून व्यावसायिक लीगपर्यंत

विशेष प्रतिनिधी, लोअर परळ

कबड्डीत टाळ्या मिळतात त्या चढाईपटूला. गुणफलकावर नाव झळकते तेही बहुधा त्याचेच. मात्र सामना राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते, ते बचावपटू प्रेक्षकांच्या स्मरणात फार काळ राहत नाहीत. त्यातही डाव्या आणि उजव्या टोकाला उभा राहणारा कोपरारक्षक हा बचावाचा कणा मानला जातो. लोअर परळ, डिलाइल रोड, करी रोड, लालबाग, प्रभादेवी आणि वरळी या गिरणगावच्या पट्ट्याने मुंबईच्या कबड्डीला अनेक पिढ्या खेळाडू पुरवले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यानंतर या खेळाला व्यावसायिक स्वरूप आले. या बदलात बचावपटूच्या वाट्याला काय आले आणि त्याची कारकीर्द नेमकी कशी घडते, याचा हा आढावा.

कोपरारक्षक म्हणजे कोण?

वरिष्ठ पुरुष गटाचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेमुळे त्याचे दोन समान भाग होतात. प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानात असतात. बचाव करताना दोन्ही टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी 'इन'चे दोघे, त्यानंतर 'कव्हर'चे दोघे आणि मधोमध एक अशी रचना असते. बचावपटू एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि चढाईपटूच्या हालचालीप्रमाणे मागेपुढे सरकतात.

चढाईपटूला एका दमात, ३० सेकंदांच्या आत, प्रतिपक्षाच्या क्षेत्रात जाऊन परतायचे असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटर अंतरावरील निदान रेषा त्याला ओलांडावी लागते. तिच्याही पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर ही रेषा ओलांडून बोनस गुण मिळवता येतो. बोनससाठी चढाईपटू पाय लांबवतो तो बहुतेक वेळा कोपऱ्याच्या बाजूला. कोपरारक्षकाची संधी नेमकी याच क्षणी येते. पुढे आलेला घोटा पकडायचा आणि साखळीतले साथीदार येईपर्यंत सोडायचा नाही, हे त्याचे मुख्य काम. घोट्याची पकड, मांडीची पकड, मागून घातलेली कंबरपकड ही त्याची अस्त्रे. धडक मारून चढाईपटूला मैदानाबाहेर घालवणे किंवा परतीची वाट अडवणे हे प्रामुख्याने कव्हरच्या खेळाडूंचे काम समजले जाते.

या कामातील जोखीम नियमातच दडलेली आहे. पकड यशस्वी झाली तर संघाला एक गुण मिळतो. पकड फसली आणि चढाईपटूने मध्यरेषेला स्पर्श केला, तर त्याला हात लावलेले सगळे बचावपटू बाद होतात. कोपरारक्षकाने घाईने घेतलेला निर्णय त्यामुळे त्याच्या एकट्यापुरता राहत नाही, शेजारच्या दोघा-तिघांनाही तो मैदानाबाहेर काढतो. जाणकार प्रशिक्षक कोपरारक्षकाची परीक्षा करताना त्याने किती पकडी केल्या याबरोबरच किती वेळा हात आवरला हेही पाहतात, ते यामुळेच.

मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो. तिला मराठीत 'अव्वल पकड' हे नाव रूढ झाले आहे. एका सामन्यात पकडीचे पाच गुण मिळवणाऱ्याच्या नावावर 'हाय फाइव्ह'ची नोंद होते, तर चढाईपटूला 'सुपर टेन'साठी दहा गुण लागतात. दोन्ही भूमिकांतील गुणांचे प्रमाण कसे वेगळे आहे, याची कल्पना या दोन निकषांवरून येते. शिवाय पकड तिघांनी मिळून केली तरी आकडेवारीत गुण सामान्यतः एकाच्याच नावावर लागतो.

दूरदेशीचा भाऊबंद

अशीच भूमिका अन्य खेळांतही आढळते. कॅनडातील व्यावसायिक फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा, अंडाकृती चेंडूने आणि अंगावर संरक्षक कवच घालून खेळला जाणारा खेळ. त्यात प्रत्येक बाजूला बारा खेळाडू असतात आणि बचावाची पहिली फळी चेंडूपासून एक यार्ड मागे उभी राहते. चेंडू हलताच समोरच्या फळीवर तुटून पडायचे, चेंडू फेकणाऱ्याला गाठायचे किंवा धावणाऱ्याची वाट बंद करायची, हे तिचे काम. गुण करण्याची संधी या खेळाडूंना क्वचितच मिळते. दोन्ही ठिकाणी अंगमेहनत, दुखापतीची टांगती तलवार आणि तुलनेने कमी प्रसिद्धी हे समान सूत्र आहे. कॅनडात स्थायिक झालेल्या पंजाबी समाजाने वर्तुळाकार मैदानावरील कबड्डीही तेथे रुजवली. त्या प्रकारात चढाईपटूला अडवणाऱ्याला 'जाफी' म्हणतात.

मंडळ, व्यायामशाळा आणि गिरणी

महाराष्ट्रात हा खेळ हुतुतू या नावाने जुना आहे. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमबद्ध स्पर्धा भरवली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे त्याचे प्रात्यक्षिक सादर केले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. खेळाच्या प्रसारासाठी आयुष्य वेचणारे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

मुंबईत हा खेळ वाढला तो कामगारवस्तीत. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या भागांतून गिरणीत कामाला आलेल्या माणसांनी गावचा खेळ सोबत आणला. त्याला साहित्य लागत नव्हते. चाळींमधली मोकळी जागा, थोडी माती आणि चुन्याच्या रेघा एवढ्यावर मैदान तयार होई. पाळी सुटल्यावर सराव आणि रात्री विजेच्या दिव्यांखाली सामने ही गिरणगावची रीत होती. मंडळ हेच क्रीडा संस्था, गणेशोत्सव आणि सामाजिक कार्य या तिन्हींचे केंद्र असे. ना. म. जोशी मार्गावरील श्रमिक जिमखाना आणि बंड्या मारुती सेवा मंडळ, दादरचे अमर हिंद मंडळ आणि विजय क्लब ही नावे मुंबईच्या कबड्डीरसिकांना परिचित आहेत. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे प्रभादेवीतील हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवन आणि डिलाइल रोडचे ललित कला भवन यांनीही कामगारांच्या खेळांना जागा दिली.

मातीच्या मैदानावरचा बचावपटू अनवाणी खेळे. मातीत पाय रुतवून उभे राहता येते, पण घसरण्याची भीतीही असते. मॅटवर बुटांमुळे चढाईपटूला चटकन दिशा बदलता येते. परिणामी, मातीवर केवळ ताकदीने निभावून नेणाऱ्या बचावपटूला मॅटवर पदलालित्य आणि वेळेचे भान नव्याने शिकावे लागले. दोन्ही पृष्ठभागांवर सारख्याच आत्मविश्वासाने खेळणारे खेळाडू पुढे गेले.

नोकरी हाच मोबदला

व्यावसायिक लीगपूर्वी कबड्डीपटूच्या कारकिर्दीचे शिखर म्हणजे खेळाच्या जोरावर मिळालेली कायम नोकरी. स्थानिक स्पर्धेत चमकायचे, मुंबई शहर किंवा उपनगर जिल्हा संघात यायचे, महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळायची आणि त्या प्रमाणपत्रांवर एखाद्या आस्थापनेच्या संघात शिरायचे, असा हा मार्ग होता. एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम, देना बँक, बेस्ट, मुंबई बंदर, रेल्वे आणि पोलिस यांच्या संघांमुळे शहरातील व्यावसायिक गटाच्या स्पर्धा गाजत. येथे 'व्यावसायिक' याचा अर्थ आस्थापनेचा संघ असा होता, खेळाच्या मानधनावर जगणारा खेळाडू असा नव्हता.

राष्ट्रीय पातळीवर त्याचे फळ दिसत होते. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीचा पहिल्यांदा पदकांसाठी समावेश झाला, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राचे अशोक शिंदे आणि राजू भावसार होते. दोघांनाही पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला.

दरम्यान गिरणगावाची वीण उसवत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींचा विकास सुरू झाला. लोअर परळमधील फिनिक्स मिलच्या जागी बाजारसंकुल उभे राहिले, कमला मिलच्या आवारात कार्यालये आणि उपाहारगृहे आली, श्रीनिवास मिलच्या जागेवर टोलेजंग निवासी मनोरे उभारले गेले. अनेक कामगार कुटुंबे उपनगरांत किंवा गावी गेली. मैदानाच्या आसपास राहणारी मुले कमी झाली, तसा मंडळांचा खेळाडू मिळवण्याचा हक्काचा स्रोतही आटू लागला.

वरळीच्या मॅटवर पहिली शिट्टी

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय बंदिस्त क्रीडागारात प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. लोअर परळपासून हे ठिकाण जवळच आहे. यजमान यू मुम्बाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असे हरवले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात मात्र जयपूरने ३५-२४ असा बदला घेतला. २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला ३६-३० असे नमवून यू मुम्बाने विजेतेपद पटकावले. लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये २०१५ मध्ये बहुसंख्य भागभांडवल घेणाऱ्या स्टार इंडियाचे मुख्यालय तेव्हा लोअर परळच्या गणपतराव कदम मार्गावर होते. गिरणी कामगारांच्या खेळाचे प्रक्षेपण गिरणगावातूनच ठरावे, हा योगायोग लक्षणीय म्हणावा लागेल.

पहिल्या काही हंगामांतील यू मुम्बाच्या यशात कर्णधार अनुप कुमारच्या चढायांचा वाटा मोठा होता. त्यांना आधार होता तो बचावाचा. कोपऱ्यावर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर, कव्हरला जीवा कुमार आणि मुंबईकर विशाल माने ही चौकडी प्रतिस्पर्ध्यांना जड जात असे. विशाल माने पुढे पाटणा पायरेट्सच्या २०१७ च्या विजेत्या संघातही होता. पहिल्या हंगामात बंगाल वॉरियर्सचे नेतृत्वही महाराष्ट्राच्या नीलेश शिंदे या बचावपटूकडेच होते.

गिरीश इरनक : एक उदाहरण

कोपरारक्षकाची व्यावसायिक वाटचाल कशी असते, हे पाहायचे तर कल्याणच्या गिरीश इरनकचे उदाहरण घेता येईल. डाव्या कोपऱ्यावर खेळणारा हा खेळाडू महाराष्ट्राच्या २०१८ च्या संस्मरणीय यशाचा साक्षीदार आहे. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादेत झालेल्या ६५ व्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असे हरवले. राज्याला हे विजेतेपद ११ वर्षांनी मिळाले. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी निवडलेल्या भारतीय संघात रिशांक आणि गिरीश दोघेही होते. त्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे नमवले आणि १९९० पासून अखंड सुवर्ण जिंकणाऱ्या भारताला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढे लीगच्या सहाव्या हंगामात पुणेरी पलटणचे नेतृत्व गिरीशकडे आले. नंतर तो गुजरात जायंट्स आणि बंगाल वॉरियर्सकडूनही खेळला. एका दशकात अनेक शहरे, अनेक प्रशिक्षक आणि प्रत्येक वेळी नव्या साथीदारांशी साखळी जुळवणे हा व्यावसायिक बचावपटूच्या जीवनाचा भागच आहे.

लिलावातले मोल

बचावपटूला लिलावात दुय्यम स्थान मिळते ही समजूत पूर्णतः खरी नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजारांची होती, ती राकेश कुमारसाठी. २०१६ मध्ये सर्वांत महागडा ठरला तो मोहित छिल्लर हा कोपरारक्षक. बंगळुरूने त्याला ५३ लाखांना घेतले. २०१८ मध्ये लीगमधील एक कोटीची पहिली बोली लागली तीही कोपरारक्षकावरच. इराणच्या फझल अत्राचलीला यू मुम्बाने एक कोटी रुपयांना संघात घेतले. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने इराणच्याच महंमदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. मार्च २०२४ मध्ये अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, त्यात या डाव्या कोपऱ्याचा मोठा वाटा होता.

मात्र ही शिखरे झाली. २०१७ पासून लीगमध्ये बारा संघ आहेत. प्रत्येक संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू धरले तरी संपूर्ण देशात आणि परदेशी खेळाडू मिळून जागा भरतात तीनशेच्या आसपास. २०२३ च्या लिलावात 'अ' गटाची मूळ किंमत ३० लाख, 'ब'ची २०, 'क'ची १३ आणि 'ड'ची ९ लाख रुपये होती. ही रक्कम एका हंगामाची असते. पुढच्या वर्षी संघात घेतले जाईलच याची शाश्वती नसते. २०२० मध्ये करोनामुळे लीग झालीच नाही. आठवा हंगाम डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूत प्रेक्षकांविना सुरू झाला. ज्यांच्या हाती कायम नोकरी नव्हती, त्यांच्यासाठी मधला काळ कसोटीचा ठरला.

दुखापत आणि वय

घोटा पकडणाऱ्याचे डोके आणि खांदे चढाईपटूच्या गुडघ्यांच्या पातळीवर असतात. चढाईपटू सुटण्यासाठी उसळी मारतो, तेव्हा त्याचे सगळे वजन बचावपटूच्या मानेवर, खांद्यावर किंवा बोटांवर येते. वरिष्ठ पुरुष गटात वजनमर्यादा ८५ किलो आहे. साखळीतले साथीदार अंगावर पडतात तो भार वेगळाच. गुडघ्याचे स्नायुबंध तुटणे आणि खांदा निखळणे या दुखापती या खेळात नेहमीच्या आहेत. लीगच्या संघांकडे भौतिकोपचारतज्ज्ञ असतो. मंडळाच्या खेळाडूला उपचाराचा आणि विश्रांतीच्या काळात बुडणाऱ्या कमाईचा भार बहुधा स्वतःच उचलावा लागतो.

वयाच्या बाबतीत मात्र बचावपटूला थोडी सवलत मिळते. चढाईपटूचा वेग तिशीनंतर कमी होतो, तर बचावपटूचा अनुभव तोपर्यंत परिपक्व होतो. २०१० च्या ग्वांग्झू आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा जीवा कुमार २०२२ मध्ये दबंग दिल्लीच्या विजेत्या संघात होता. त्या संघाचा बचाव जीवा, मनजीत छिल्लर, जोगिंदर नरवाल अशा अनुभवी खेळाडूंवर उभा होता. अंतिम सामन्यात दिल्लीने पाटण्याला ३७-३६ असे एका गुणाने हरवले.

पुढे काय?

गिरणगावातील एखादा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आज कोपऱ्यावर उभा राहू लागला, तर त्याच्यासमोर दोन वाटा आहेत. पहिली जुनीच, नोकरीची. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि पोलिस, रेल्वे यांचे संघ आहेत. परंतु या वाटेवरचे काही जुने दरवाजे बंद झाले. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी मालकीकडे गेली. दुसरी वाट लीगची. नवोदितांसाठी लीगने निवड चाचण्यांची योजना राबवली. तेथे मुंबईच्या मुलाची गाठ पडते ती हरयाणाच्या गावोगावी घडलेल्या आणि इराणच्या कुस्तीपरंपरेतून आलेल्या बचावपटूंशी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताने इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक परत मिळवले. त्या संघात अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे दोन खेळाडू होते. दोघांचीही ओळख प्रामुख्याने चढाईपटू म्हणून आहे. भारतीय संघाच्या कोपऱ्यावर महाराष्ट्राचा खेळाडू त्या वेळी नव्हता. ज्या राज्याने या खेळाला नियम दिले आणि ज्या शहराने मंडळांची परंपरा दिली, त्यांच्यासाठी ही बाब विचार करण्याजोगी आहे.

चढाईचे कौशल्य मुलाला एकट्यानेही काही प्रमाणात घोटवता येते. बचावाचे तसे नाही. साखळी जुळण्यासाठी तेच सात जण, तेच मैदान आणि रोजचा सराव लागतो. शेजारच्याचा हात कधी सुटणार आणि कधी ओढणार, हे वर्षानुवर्षे एकत्र खेळूनच कळते. गिरणगावातील मंडळांनी नेमके हेच पुरवले होते. लीगच्या २०२४ आणि २०२५ या दोन्ही हंगामांत मुंबईत एकही सामना झाला नाही. त्यामुळे शहरातल्या मुलाला हा खेळ प्रत्यक्ष पाहायला आणि खेळायला मिळण्याचे ठिकाण आजही स्थानिक मंडळाचे मैदान हेच आहे. ती मैदाने राहिली, तर कोपऱ्यावर उभे राहणारे खेळाडूही घडत राहतील.

दृष्टिक्षेपात

- १९२३ : बडोद्यात हिंद विजय जिमखान्याची नियमबद्ध स्पर्धा
- १९५२ : पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, मद्रास
- १९९० : आशियाई क्रीडा स्पर्धेत समावेश, भारताला सुवर्ण
- २०१४ : वरळीत प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ
- २०१५ : यू मुम्बाला विजेतेपद
- २०१८ : महाराष्ट्र ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेता, कोपरारक्षकावर एक कोटीची बोली
- २०२४ : पुणेरी पलटणला पहिले विजेतेपद